विंडोज ११ केल्यावर जुनं सॉफ्टवेअर चालेना: फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्याच्या आगेमागे कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानांपासून शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसांपर्यंत बऱ्याच कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढलं, आणि तेव्हापासून एकच तक्रार कानावर येते: "अपग्रेड केलं आणि सॉफ्टवेअर गेलं." मार्केट यार्डात गुळाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, निघत नाही. दूध संस्थेत फॅट मशीनचा आकडा स्क्रीनवर येत नाही. छापखान्यात लग्नपत्रिकेची फाइल उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा सपोर्ट थांबला तेव्हाही अगदी हेच झालं होतं.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा जागेवर शाबूत असतं. ते ज्याच्यावर टेकून चालत होतं अशी एखादी गोष्ट नव्या विंडोजने काढलेली किंवा बदललेली असते: ड्रायव्हर (यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम), रनटाइम (सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या जोडफाइली), फॉन्टची जागा, फोल्डरमध्ये लिहायची परवानगी, पोर्टचा नंबर. त्यातली नेमकी कोणती, हे शोधणं म्हणजेच दुरुस्ती. ती सापडली की पुढचं काम थोड्या वेळाचं. फॉरमॅट मारला तर शोधायचा मागच पुसला जातो, आणि त्याबरोबर कित्येक वर्षांचा हिशोबही जाऊ शकतो.

हात लावायच्या आधी

सॉफ्टवेअर उघडत नसलं तरी त्याचा फोल्डर उघडतो. तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. फक्त डेटाच्या फाइली नकोत, सगळा फोल्डर घ्या. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

अपग्रेड करून दहा दिवस झाले नसतील तर मागे जायची वाट उघडी असते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिकव्हरी, तिथे 'गो बॅक'. तुमच्या फाइली राहतात, मात्र अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर निघून जातात. हे शक्य होतं ते सी ड्राइव्हवरच्या 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमुळे. जागा कमी पडते म्हणून डिस्क क्लीनअप चालवताना कोणी 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर टिक केली, तर ती वाट तिथेच बंद होते. दहा दिवसांची मुदत डीआयएसएम या विंडोजच्याच कमांडने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती कमांड मुदत संपायच्या आत द्यावी लागते. ज्यांच्या दारात रोज सकाळ-संध्याकाळ लोक रांगेत उभे असतात, त्यांनी मागे जायला अजिबात लाजू नये. आधी काम सुरू होऊ दे, शोध निवांत घेता येतो. घरगुती विंडोज १० साठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, त्यामुळे मागे गेलात म्हणजे लगेच उघड्यावर पडलात असं होत नाही.

एरर आधी वाचा, मग बंद करा

"काहीतरी इंग्लिशमध्ये आलं, मी ओके केलं" एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. मोबाइलने त्या खिडकीचा फोटो काढा. आणि तीन गोष्टी लिहून ठेवा: सॉफ्टवेअर उघडतानाच अडतं, की आत गेल्यावर एखाद्या कामाला, की प्रिंट देताना? एवढ्यावरून निम्मा रस्ता कळतो.

सॉफ्टवेअर काहीही न बोलता बंद पडत असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखेवार तक्ता येतो. ज्या दिवशी बिघडलं त्या दिवसावर लाल फुली असते, आणि तिच्यात कोणत्या फाइलपाशी अडलं तिचं नाव असतं. हे पान विंडोजमध्ये कधीपासून आहे, तरी ते उघडणारे फार थोडे. मला विचाराल तर सगळ्या शोधाची सुरुवात इथूनच व्हावी.

काळ्या पडद्याची जुनी सॉफ्टवेअर

शाहूपुरीतल्या जुन्या पेढ्यांत फॉक्सप्रो किंवा क्लिपर या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषांत कोणीतरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लिहून दिलेली हिशोबाची सॉफ्टवेअर अजून चालतात, आणि चांगली चालतात. दिवाणजींची बोटं त्यांच्यावर बसलेली असतात. विंडोज ११ वर मात्र 'धिस अॅप कान्ट रन ऑन युवर पीसी' एवढंच येतं.

याचं कारण सरळ आहे. ही सॉफ्टवेअर १६ बिटची, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली. ३२ आणि ६४ बिट या पुढच्या पिढ्या. ३२ बिटच्या विंडोजमध्ये त्यांना चालवणारा एक भाग असायचा. ६४ बिटच्या विंडोजमध्ये तो कधीच नव्हता. विंडोज १० दोन्ही प्रकारांत मिळायचं, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणून जुन्या मशीनवर विंडोज १० असतानाही जे चालत होतं, ते इथे एकदम थांबतं. ३२ बिटच्या विंडोजवरून थेट ११ वर चढता येत नाही, नव्याने इन्स्टॉल करावंच लागतं. तेव्हा अशा कॉम्प्युटरची डिस्क आधीच पुसलेली नाही ना, हे पहिलं विचारा.

इथे कम्पॅटिबिलिटी मोड (सॉफ्टवेअरला जुन्या विंडोजचा भास देणारी सोय) लावून काहीही होत नाही. त्यात वेळ घालवू नका. उपाय आहे व्हीडॉस हा प्रोग्रॅम. डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिममधली अक्षरी, कामकाजाची सॉफ्टवेअर चालवण्यासाठीच तो बनवलेला आहे आणि छपाईची सोय त्यात आहे. डॉसबॉक्स हे नाव जास्त ऐकलेलं असतं, पण त्याचा मूळ भर खेळांवर. डॉट मॅट्रिक्सवर पट्टी काढायची तर व्हीडॉस सोयीचा. सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डर त्याच्या ताब्यात द्या, एक बिल काढून बघा, मागच्या महिन्याचं एखादं छापलेलं बिल शेजारी ठेवून आकडा न् आकडा जुळवा.

सॉफ्टवेअर काही केल्या उठलंच नाही तरी डेटा अडकत नाही. या सॉफ्टवेअरचा डेटा असलेल्या डीबीएफ फाइली लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, एक्सेलमध्येही उघडतात. मात्र मूळ फाइल उघडून तिच्यावरच सेव्ह करू नका. तिच्या शेजारी इंडेक्सच्या वेगळ्या फाइली असतात, त्यांचा मेळ बिघडला की जुनं सॉफ्टवेअर ती फाइल नीट वाचणार नाही. कॉपी काढा, कॉपीवर काम करा.

यातलीच एक फसवी जात आहे. सॉफ्टवेअर ३२ बिटचं असतं, पण त्याचा सेटअप १६ बिटचा. सेटअप चालत नाही म्हणून लोक सॉफ्टवेअरच टाकून देतात. आधी उतरवून ठेवलेला फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर ठेवून त्यातली मूळ फाइल थेट चालवून बघा. पुष्कळदा उघडते, किंवा निदान कोणती फाइल कमी आहे ते तरी सांगते.

नोंदी गायब झाल्या, पण त्या गेलेल्या नाहीत

या प्रकारावर मला जास्त सांगायचं आहे, कारण इथे माणसं घाबरतात आणि घाबरून नुकसान करून घेतात.

लक्षण असं: अपग्रेडनंतर सॉफ्टवेअर छान उघडतं. एरर नाही. पण नोंदी जुन्याच दिसतात. गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी नाहीतच, किंवा सॉफ्टवेअर अगदी कोरं, नुकतंच टाकल्यासारखं दिसतं. अडत्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्यात शेतकऱ्यांची उचल आहे, येणी आहेत.

झालेलं असं असतं. जुनी सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात, आणि तो फोल्डर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असतो. विंडोज ७ च्या आधीच्या व्हिस्टापासून विंडोज साध्या प्रोग्रॅमला तिथे लिहू देत नाही. पण जुनी ३२ बिटची सॉफ्टवेअर एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवतं: युजरच्या फोल्डरमध्ये 'अॅपडेटा', त्यात 'लोकल', त्यात 'व्हर्च्युअलस्टोअर'. सॉफ्टवेअरला वाटतं आपण आपल्याच घरात लिहितोय. सगळ्या ताज्या नोंदी प्रत्यक्षात त्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये साठत जातात, आणि 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये राहतो तो पहिल्या दिवसाचा डेटा.

आता अपग्रेडनंतर दोन गोष्टी घडतात. एक, नवीन युजर अकाउंट तयार होतं. व्हर्च्युअलस्टोअर प्रत्येक युजरचं वेगळं असल्याने नव्या युजरला जुन्या नोंदी दिसत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त घडते: सॉफ्टवेअर अडलं म्हणून कोणीतरी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रन धिस प्रोग्रॅम अॅज अॅन अॅडमिनिस्ट्रेटर'वर टिक करतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललं की वळवणं बंद होतं, आणि सॉफ्टवेअर खरोखरच्या 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला जुना डेटा उघडतं. टिक काढली की नोंदी परत दिसतात. ही एक टिक काढून बघायच्या आधी डेटा रिकव्हरीवाल्याकडे पैसे देऊ नका.

दुरुस्ती करताना पहिला नियम: नोंदी दिसत नसताना नवीन नोंद करू नका. केलीत तर दोन जागी दोन वेगळे हिशोब तयार होतात आणि ते हाताने एक करत बसावं लागतं. सॉफ्टवेअर बंद करा. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेले फोल्डर दिसतील असं करा. दोन्ही जागचे फोल्डर शोधा. नव्याने इन्स्टॉल केलं असेल आणि विंडोज.ओल्ड शिल्लक असेल तर त्यातल्या 'युजर्स'मध्येही बघा. डेटाच्या फाइलींवरची तारीख वाचा. ताजी कोणती ते तिथेच कळतं. दोन्हींच्या कॉपी बाहेर काढून ठेवा आणि मगच पुढचं करा.

कायमचा उपाय म्हणजे सॉफ्टवेअरला 'प्रोग्रॅम फाइल्स'मधून बाहेर काढणं. थेट सी ड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हवर साधा फोल्डर करा, सॉफ्टवेअर तिथे इन्स्टॉल करा, ताजा डेटा त्यात ठेवा, डेस्कटॉपचा शॉर्टकट नवा करा आणि अॅडमिनिस्ट्रेटरची टिक काढून टाका. अशा फोल्डरमध्ये साध्या युजरलाही लिहिता येतं, त्यामुळे वळवायची वेळच येत नाही. नावाच्या शेवटी .आयएनआय असलेली एखादी सेटिंगची फाइल असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघा, आत जुना पत्ता लिहिलेला असतो, तो बदला. पुढच्या अपग्रेडला हा त्रास पुन्हा होत नाही.

दूध संस्था: फॅट मशीन आणि काटा

गावोगावच्या दूध संस्थांत संकलनाचं सॉफ्टवेअर फॅट मशीनशी आणि काट्याशी सिरियल पोर्टने (यंत्रं जोडायच्या जुन्या पद्धतीच्या सॉकेटने) बोलतं. नव्या कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी टू सिरियल केबल असते. अपग्रेडनंतर लिटर आणि फॅट हाताने टाकावं लागतं, रांग वाढते, आणि हाताने टाकलेल्या आकड्यावर शंकाही येते. उत्पादकाचे पैसे त्या आकड्यावर ठरतात, म्हणून ही दुरुस्ती मी सगळ्यात तातडीची मानतो.

डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'पोर्ट्स' या ओळीखाली बघा. केबलच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल आणि नावातच 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२' असं लिहिलेलं दिसत असेल, तर केबल बिघडलेली नाही. प्रोलिफिकची ही जुनी चिप, किंवा तिची नक्कल, नव्या ड्रायव्हरने नाकारलेली आहे. त्या ओळीवर राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर, मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक', आणि यादीत जुन्या तारखेचा ड्रायव्हर असेल तर तो निवडा. पोर्ट लगेच जागा होतो.

पण इथेच ही अडचण वारंवार येणारी होते. पुढच्या विंडोज अपडेटबरोबर नवा ड्रायव्हर पुन्हा येऊन बसतो आणि एखाद्या सकाळी संकलन परत थांबतं. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी या सेटिंगांच्या यादीत विंडोज अपडेटबरोबर ड्रायव्हर न घेण्याची सोय आहे, ती चालू करा. होम असेल तर झटापट करण्यापेक्षा एफटीडीआय चिपची चांगली केबल घ्या, किंवा डेस्कटॉपला सिरियल पोर्टचं कार्ड बसवून घ्या. दर अपडेटला माणूस बोलावण्यापेक्षा हा खर्च एकदाचा परवडतो.

त्रिकोण नसेल आणि तरीही आकडा येत नसेल तर पोर्टचा नंबर बघा. पूर्वी कॉम १ होता, आता कॉम ७ झालेला असतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर बदलता येत असेल तर तिथे बदला. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम ४ च्या पुढे निवडच नसते. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, आणि तिथे लहान नंबर द्या. सगळे लहान नंबर 'इन यूज' दिसत असतील तर ती पूर्वी कधीतरी लावलेल्या केबलींची नावं असतात. व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हाइसेस' करून फिकट दिसणारे जुने पोर्ट अनइन्स्टॉल करा. आणि केबल कायम त्याच यूएसबी सॉकेटला लावा. बऱ्याच केबली दुसऱ्या सॉकेटला लावल्या की त्यांना नवा नंबर मिळतो. त्या सॉकेटवर रंगाची खूण केली तर साफसफाई करणाऱ्यालाही ती कळते.

एक लक्षण अजून: दिवसभर ठीक, पण सकाळी पहिल्या काही कॅनचे आकडे येत नाहीत. विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली परवानगीची टिक काढा, आणि पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

छापखाना आणि डीटीपी

जुने मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. इंग्लिश अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले आहेत, त्यामुळे फॉन्ट सापडला नाही की मजकुराच्या जागी नुसती इंग्लिश अक्षरं आणि चिन्हं उरतात. मजकूर सुरक्षित असतो, आकार हरवलेले असतात. म्हणून ती फाइल तशीच सेव्ह करू नका, बंद करा आणि आधी फॉन्टकडे वळा.

फॉन्ट तर टाकलाय, वर्डमध्ये दिसतोही, पण पेजमेकर किंवा जुन्या कोरल या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, ही तक्रार मी सतत ऐकतो. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' केलं की तो फक्त त्या युजरपुरता, त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतो. जुनी सॉफ्टवेअर तिथे बघतच नाहीत. फॉन्ट काढा, फाइलवर राइट क्लिक करा आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. बरेच फॉन्ट असतील तर सगळे एकदम निवडून हेच करता येतं.

फॉन्ट जागेवर आहे, पण काही जोडाक्षरंच बिघडतात किंवा टाइप करताना उलटंसुलटं येतं, असं असेल तर रीजन सेटिंग्जमध्ये अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर 'चेंज सिस्टिम लोकेल' उघडा. 'यूज युनिकोड यूटीएफ-८' या ओळीवर टिक असेल तर काढा आणि लोकेल इंग्लिश ठेवा. मराठी काम करायचंय म्हणून कोणी तिथे मराठी निवडायला जातं, पण युनिकोड नसलेल्या फॉन्टसाठी त्या जागी इंग्लिशच हवं. युनिकोड मराठी टाइप करायला या सेटिंगची गरज लागत नाही.

पेजमेकरचं पान हलणं, ओळी तुटणं, मजकूर खाली सरकणं याच्या मागे पुष्कळदा प्रिंटर असतो. पेजमेकर डिफॉल्ट प्रिंटरवर अवलंबून आहे, आणि विंडोज स्वतःहून शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट करत राहतं. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्सच्या पानावर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा आणि आपला प्रिंटर हाताने ठरवून द्या. हिशोबाच्या जुन्या सॉफ्टवेअरलाही हाच उपाय लागू पडतो. बिल डॉट मॅट्रिक्सऐवजी पीडीएफला का जातंय याचं उत्तर बहुतेक इथेच असतं.

मेनूची अक्षरं मुंगीएवढी किंवा पुसट दिसत असतील तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी, मग 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', खालची टिक करून 'सिस्टिम' किंवा 'सिस्टिम एन्हान्स्ड' निवडा.

डोंगल (सॉफ्टवेअर चालायला किल्लीसारखा लावायचा तुकडा) लावलाय तरी 'की नॉट फाउंड' येत असेल तर जुना ड्रायव्हर नव्या सुरक्षेला चालत नाही असं समजा. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असली की जुने ड्रायव्हर अडवले जातात. ती बंद केली की डोंगल चालतो, म्हणून लोक ती कायमची बंद ठेवतात. ते मला पटत नाही. डोंगल बनवणाऱ्याच्या साइटवर नवा ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. जुन्या डोंगलला नवा ड्रायव्हर चालल्याची उदाहरणं भरपूर आहेत. बंद ठेवायचीच वेळ आली तर त्या कॉम्प्युटरवर बँकेची कामं करू नका.

रनटाइम

'डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ हवं' असं आलं तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये त्यावर टिक करा. इंटरनेटवरून ते उतरत नसेल आणि ८००एफ०८१एफ हा कोड येत असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरच्या 'सोर्सेस' फोल्डरमधल्या 'एसएक्सएस'मधून बसवता येतं. एमएसव्हीसीआर किंवा व्हीसीरनटाइमने सुरू होणारी डीएलएल फाइल (सॉफ्टवेअरला लागणारी जोडफाइल) मागितली तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या. नावातला १०० म्हणजे २०१० ची आवृत्ती, १२० म्हणजे २०१३ ची, १४० म्हणजे २०१५ नंतरची. विंडोज ६४ बिटचं असलं तरी सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल तर त्याला एक्स८६चंच पॅकेज लागतं, म्हणून दोन्ही टाका.

डीएलएल फुकट देणाऱ्या साइटवरून सुटी फाइल आणून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकू नका. आत काय भरलंय ते कळत नाही, आणि चुकीच्या बिटची फाइल पडली की शेवटी ७बी असलेला सी०००००७बी हा एरर मागे लागतो. तो आला असेल तर आणलेली फाइल काढा आणि वरची पॅकेजं नव्याने बसवा.

व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या सॉफ्टवेअरला एमएससीओएमसीटीएल.ओसीएक्स लागते, ती विंडोजबरोबर येत नाही. जुन्या कॉम्प्युटरवरून घ्या, 'सिसवॉव६४' फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याच फोल्डरमधल्या रेगएसव्हीआर३२ ने, अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमधून रजिस्टर करा. नावं उलटी वाटतात, पण ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ मध्येच राहतात.

काउंटर ते आतलं ऑफिस

दोन कॉम्प्युटर जोडलेले असतील आणि एकच वर चढवला असेल तर शेअर केलेला फोल्डर दिसेनासा होतो. आधी नेटवर्क 'पब्लिक' झालंय का ते बघा, 'प्रायव्हेट' करा. तेवढ्याने न भागल्यास मुख्य कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेला एक युजर तयार करा आणि दुसऱ्यावर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो भरा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत बिनपासवर्डाचं शेअरिंग सहज चालत नाही. एसएमबी १ (फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरणारा व्हायरस जगभर पसरला तो याच वाटेने.

शेअर केलेल्या प्रिंटरला शेवटी ११बी असलेला एरर येत असेल तर दोन्ही कॉम्प्युटरचे अपडेट पूर्ण करा. एकच पुढे गेलेला असतो.

कम्पॅटिबिलिटी मोड आणि त्याच्या पलीकडे

लोक पहिल्यांदा हाच लावतात, मी शेवटी लावतो. सेटअप विंडोजची आवृत्ती विचारून अडत असेल तिथे तो खरंच कामाचा आहे. ड्रायव्हर, १६ बिट, हरवलेली डीएलएल, यांपैकी कशालाच तो पुरत नाही. सगळे मोड एकेक करून लावत बसू नका. सॉफ्टवेअर ज्या काळातलं, त्या काळातलं विंडोज निवडा, चाललं तर ठीक.

फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणाऱ्या साइटसाठी एजमध्ये आयई मोड आहे. त्यात टाकलेला पत्ता तीस दिवसांनी यादीतून निघतो, म्हणून "मागच्या महिन्यात चालत होतं" ही तक्रार परत परत येते. पत्ता पुन्हा टाकायचा, एवढंच.

काहीच लागू पडलं नाही तर जुनं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, ठेवा. हायपर-व्ही विंडोज प्रोमध्ये मिळतं, होमवर व्हर्च्युअलबॉक्स वापरता येतो. डोंगल किंवा यूएसबी केबल असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच घ्या, कारण हायपर-व्ही यूएसबीचं साधन थेट आत देत नाही. जुन्या विंडोजचं लायसन्स हवं, आणि त्या मशीनला इंटरनेट देऊ नये.

एक निर्णय मात्र सॉफ्टवेअर चालू झाल्यावरही घ्यावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. जे बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आता सापडत नाही आणि ज्यात दर बदलायची जागा नाही, ते कितीही नीट उघडलं तरी त्यातून नवीन बिल काढू नका. ते जुन्या नोंदी बघायला ठेवा, पार्टींची नावं आणि येणं-देणं डीबीएफमधून बाहेर काढा, आणि नवीन आर्थिक वर्षाच्या १ एप्रिलपासून दुसऱ्या सॉफ्टवेअरवर या. मधल्या काळात दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, बिनतक्रार नांदतात.